बुधवारचं मस्टर

जेवायला कोणत्या वारी जमायचं, हे ठरवायला आम्हाला तीन महिने लागले. दहा निवृत्त माणसं एकत्र आली की घाई कुणालाच नसते आणि हरकत प्रत्येकाची असते. सोमवार महादेवाने घेतला, मंगळवार गणपतीने. गुरुवारी अर्ध्या मंडळींचा साईबाबांचा उपास, आणि शिर्डी पडली जिल्ह्यातच, त्यामुळे चोरून खाल्लं तर कळायला वेळ लागणार नाही ही धास्ती. शनिवार शिंगणापूरकडे गेला. तिथे घरांना दारं लावायची रीत नाही, पण वाराला मात्र कुलूप आहे. शुक्रवारी दोघांचा फिजिओथेरपीवाला येतो. रविवारी मुलगा-सून घरी असतात, आणि त्यांच्या देखत 'मी बाहेर जेवायला चाललो' म्हणायची छाती कुणाला नव्हती. राहिला बुधवार. गुरुजींनी शंका काढली की बुधवार विठ्ठलाचा. मग त्यांनीच निकाल दिला, की विठ्ठल उपासाचा हिशेब एकादशीला करतो, वारावर धरत नाही. ठराव एकमताने मंजूर.

वर्षभराने उलगडा झाला की आमच्या बायकांची भिशी बुधवारीच असते, आणि ती आमच्या कितीतरी आधीपासून आहे. 'बुधवारी तुमचं बाहेर कुठे जमतंय का बघा' असं प्रत्येकीने आपापल्या घरी, आपापल्या पद्धतीने सुचवलेलं होतं. म्हणजे आम्ही तीन महिने चर्चा करत होतो आणि निर्णय वरच्या पातळीवर केव्हाच झाला होता. पस्तीस-छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला यात नवीन काही वाटलं नाही.

जागा नगरच्या सावेडीतली एक खानावळ. खानावळ कसली, घरच ते. पुढच्या पडवीत सहा टेबलं, भिंतीवर दत्ताची तसबीर आणि तिच्याखाली 'उधारी बंद'. चालवणाऱ्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. त्या आम्हाला काका म्हणतात. या हिशेबाने जे नातं निघतं ते आजवर कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदलून अहिल्यानगर झालं. अर्जावर, बँकेत, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर आम्ही नवं नाव पूर्ण आणि नीट लिहितो. बोलताना मात्र पूर्वीही 'नगर' म्हणत होतो आणि आताही 'नगर'च म्हणतो. नावाचा जो अर्धा भाग बदलला, तो आम्ही आधीपासून वापरतच नव्हतो.

मंडळींची ओळख हुद्द्याने. नावं आहेत, पण ती फक्त औषधांच्या चिठ्ठीवर चालतात. जिल्हा परिषदेचे भाऊसाहेब, एसटीचा कंट्रोलर, प्राथमिक शाळेचे गुरुजी, बँकेचा कॅशियर, व्हीआरडीईचा संशोधक, एमआयडीसीतला फोरमन, महसूलचा सर्कल, राहुरीच्या कृषी विद्यापीठातले डॉक्टर. हे ज्वारीचे डॉक्टर आहेत, पण सगळे त्यांना गुडघा दाखवतात. पोस्टमास्तर. आणि मी टेलिफोनवाला. ट्रंक कॉल जोडून देण्याची कला अंगात मुरलेली असताना जगाने ट्रंक कॉलच बंद करून टाकला, असा मी एकमेव.

पहिल्याच बुधवारी भाऊसाहेबांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. लाल शाईने उभे रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, हुद्दा, सही, शेरा. मस्टर! आधी सगळे हसले, आणि मग सगळ्यांनी निमूट रांगेत सह्या केल्या. पेन खिशातून काढताना कंट्रोलरचा हात जरा थरथरला असं मला वाटलं, पण ते वयाचंही असेल. मस्टर दीड वाजता उचललं जातं. त्यानंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल शेरा. तीन लाल शेऱ्यांना एक किरकोळ रजा कापतात.

"रजा कापून तुम्ही आमचं करणार काय?" सर्कलने विचारलं होतं.

"दिवाळीच्या श्रीखंडातून वळती करीन," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी ती केली.

मला वाटतं आमचं सगळं गुपित इथेच आहे. नोकरी कुणाला फारशी आवडत नव्हती. आवडायची ती जेवणाची सुट्टी. दीडच्या ठोक्याला टेबलावर पसरलेले डबे, कुणाच्या तरी घरची शेंगदाण्याची चटणी, साहेबाची नक्कल, आणि अर्ध्या तासाचा सव्वा तास करायची हातोटी. निवृत्तीच्या समारंभात श्रीफळ, शाल आणि घड्याळ दिलं. वेळेची गरज संपली तेव्हा घड्याळ! पण ती सुट्टी काढून घेतली. आम्ही ती परत मिळवली आहे. नोकरीतून काम वजा केलं की जे उरतं, तेवढंच आता चालू आहे, आणि मस्टर, शेरे, रजा, हरकती हे सगळं लागतं, नाहीतर सुट्टी सुट्टीसारखी वाटत नाही.

२०२० साली टाळेबंदी लागली तरी मस्टर थांबलं नाही. भाऊसाहेब दर बुधवारी बरोबर दीडला फोनवर एकेकाला घ्यायचे. माझ्या खात्याचा विषय म्हणून सगळ्यांना एका वेळी जोडायचं काम माझ्याकडे. "हजर?" "हजर." "ताटात काय?" "दुधी." मग बराच वेळ कुणी काही बोलायचं नाही. नऊ घरांतला दुधी ऐकू यायचा. या काळातल्या रकान्यात 'दूरध्वनीद्वारे' असा शेरा आहे.

चारचौघांनी टेबलाभोवती जमून बोलत बसायची नगरची परंपरा तशी थोर आहे. भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा पुढारी ९ ऑगस्ट १९४२ पासून १९४५ पर्यंत कैदेत होते: नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. गुरुजी हा विषय दर तिसऱ्या बुधवारी काढतात. "बाहेर जायची परवानगी नाही, जेवण ठरलेलं, तीच ती माणसं समोर," ते सांगत असतात. "म्हणजे निवृत्तीच की," कंट्रोलर पुटपुटतो. नेहरूंनी तिथे भर उन्हात वाफे खणले, फुलझाडं लावली, आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. आमचं आठवं वर्ष चालू आहे. एकूण लेखन: मस्टर. भाऊसाहेबांचं म्हणणं, त्यांना भाजी आणायला पाठवणारं कुणी नव्हतं, म्हणून लिहून झालं.

मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठायचे आणि स्वतःच्या हाताने चिनी जाईचा चहा करून घ्यायचे. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांचा फार राग. हे ऐकून काकूंनी पातेल्यात दुधाची पिशवी रिकामी करता करता एवढंच म्हटलं, "मग त्यांचं माझ्याकडे नसतं जमलं." याच किल्ल्यात आझादांनी आपल्या एका मित्राला पत्रांमागून पत्रं लिहिली. पत्रं पाठवायची मुभा नव्हती, म्हणून ती साठत गेली आणि १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने त्यांचं पुस्तक झालं. पोस्टमास्तरांना ही गोष्ट ऐकवायची सोय नव्हती. एवढी पत्रं, आणि एकालाही तिकीट नाही, शिक्का नाही! प्रत्येक वेळी त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाईट वाटायचं.

आता मुख्य विषय, तब्येत. काकूंनी आजाराच्या गप्पांना वरण वाढेपर्यंतची मुदत घालून दिली आहे. एकदा वरण आलं की बीपी, प्रोस्टेट, मोतीबिंदू बंद. तेवढ्यात सगळ्यांचं आटपत नाही, त्यामुळे हल्ली वरण आलं की कुणीतरी हळूच ते दुसऱ्या टेबलाकडे सरकवतो. जगाला आपला आजार खरा वाटत नाही ही म्हाताऱ्यांची जुनी तक्रार, आणि तिचाही मानकरी नगरचाच. स्पाइक मिलिगन हा इंग्लंडचा मोठा विनोदवीर १६ एप्रिल १९१८ रोजी आपल्या नगरला जन्मला. बाप ब्रिटिश फौजेत होता. २००२ साली तो गेला, आणि त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरलेलं आहे, की मी आजारी आहे असं तुम्हाला सांगत होतो ना! हे सांगितल्यावर आमच्या टेबलावर कुणी हसलं नाही. सर्कल म्हणाला, "बरोबरच आहे त्याचं."

साखरेचं तर विचारूच नका. विठ्ठलराव विख्यांनी लोणीला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. त्यानंतर जिल्हाभर धुराडी उभी राहिली. आज आमच्या टेबलावर नवातल्या सहा जणांच्या रक्तात साखर आहे. कारखाने सहकारी होते, साखर मात्र ज्याची त्याची खासगी. गोड आलं की सहाही जण आधी नको म्हणतात, मग 'चवीपुरतं' म्हणतात, आणि मग प्रत्येक जण आज सकाळी आपण गोळी कशी जरा लवकर घेतली होती हे शेजाऱ्याला समजावून सांगतो. शेजारी ऐकत नसतो. तो वाटीकडे बघत असतो.

बोलायला विषय कमी पडत नाहीत असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही, विषय संपतात. भाऊसाहेबांचंच घ्या. ते ३० जूनला निवृत्त झाले. वेतनवाढ मिळते १ जुलैला. वर्षभर राबून एका रात्रीने त्यांची वेतनवाढ गेली, आणि हा विषय आम्ही पाच वर्षं पुरवून पुरवून वापरला. पावसात, थंडीत, पाहुणे आले तरी. मग २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्या बुधवारी आम्ही पेढे घेऊन गेलो, तर भाऊसाहेब कोपऱ्यात मलूल बसलेले. भाकरी अर्धीच खाल्ली. पुढे काय बोलावं ते त्यांना कळेना. महिनाभराने फरकाच्या हिशेबात काहीतरी खोट सापडली आणि माणूस पुन्हा माणसात आला.

उड्डाणपुलाने असाच दगा दिला. होणार, होणार म्हणता म्हणता आम्ही नोकरीला लागलो, लग्नं झाली, मुलांची लग्नं झाली, एवढा तो पुरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला एकदाचा आणि रहदारीला खुला केला. कंट्रोलर त्यावरून पहिल्यांदा गेला तेव्हा चार मिनिटांत पलीकडे पोहोचला. "आता स्टेशनला जाताना बोलायचं काय?" त्याने विचारलं. सध्या सगळी भिस्त नगर-बीड-परळी रेल्वेवर आहे. २६१ किलोमीटरचा मार्ग, मंजुरी १९९५ च्या सुमाराची. गाडी २०२२ साली आष्टीला पोहोचली, सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला. परळी अजून बाकी आहे. आमच्यापैकी कुणालाही घाई नाही.

एसटीवर मात्र बोलायचा मक्ता कंट्रोलरचा. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे-नगर मार्गावर. हे तो असं सांगतो की जणू तिकीट त्यानेच फाडलं. प्रत्यक्षात तो तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याची खरी ठसठस वेगळी आहे. एसटीचा वाढदिवस गुरुजींनी पटकावला आहे. गुरुजींची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९४८! आईच्या सांगण्याप्रमाणे ते श्रावणात जन्मले, पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लावून टाकला. गुरुजींनीही तो वारसा बत्तीस वर्षं इमानाने चालवला, आणि अख्खी गावंच्या गावं एक जूनला जन्माला घातली. आमच्या टेबलावर अशी चार माणसं आहेत. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला राज्यभर शाली कमी पडतात.

एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास दिला. १ जून २०२३ रोजी एसटीचा अमृत महोत्सव आणि गुरुजींचाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी आधार कार्ड घेऊन माळीवाडा स्टँडवर हजर. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट दिलं. ते त्यांनी लॅमिनेशन करून ठेवलं आहे. मग जिल्ह्याचे चौदाही तालुके पालथे घालायचं त्यांनी मनावर घेतलं. राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा, आणि तिकीट शून्य. एवढी मोठी सवलत असताना ती वसूल न करणं त्यांना पाप वाटलं. अकोल्याला गेले, स्टँडवर चहा प्यायले, परत आले. जामखेडला गेले, चहा प्यायले, परत आले. दहाव्या तालुक्यात कंबर धरली. एकवीसशे रुपयांचा पट्टा घ्यावा लागला. "सरासरी तालुक्यामागे दोनशे दहा," कॅशियरने जागच्या जागी हिशेब केला.

या कॅशियरविषयी थोडं. आयुष्यात त्याची रोकड एका रुपयानेही चुकली नाही. बिल आमच्यात टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, आणि दही न खाणाऱ्याला दह्याचे पैसे परत. पण दर बुधवारी कॅशियरचा हिशेब एका ताटाने चुकतो. फोरमनची पेन्शन ईपीएस-९५ मधली, म्हणजे हजाराच्या जरा पलीकडे. टेबलावर महागाई भत्त्याच्या टक्क्यांवरून रण पेटलं की तो खाली मान घालून भाकरी चुरत बसतो. संशोधक केंद्राचा पेन्शनर. ऐंशीला मूळ पेन्शनच्या वीस टक्के जादा आणि शंभरी भरली की दुप्पट, हे त्याला पाठ आहे, आणि शंभरापर्यंत जगणं कसं परवडतं हे तो आकड्यांनी पटवतो. तेवढ्यात फोरमनचं ताट बिलातून कुठेतरी जिरतं. कसं, ते कुणी विचारत नाही. फोरमन आमच्या सगळ्यांच्या घरचे मिक्सर, पंखे, गळके नळ दुरुस्त करून जातो आणि त्याचेही पैसे कुठेतरी जिरतात.

हिवाळ्यात शेंगोळी असतात. त्या दिवशी लाल शेरा कुणालाच पडत नाही, सव्वालाच पडवी भरते. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण, मिरची आणि जिऱ्याचं वाटण, घट्ट मळलेलं. काकू परात मांडीशी घेऊन बसतात आणि तळहातावर एकेक वळी करून वाकवत जातात. बोलत असतात आमच्याशी, बघत असतात गॅसकडे, आणि वळ्या सगळ्या एका मापाच्या. उकळत्या फोडणीच्या पाण्यात शेंगोळी सुटली की हुलग्याचा मातकट वास रस्त्यापर्यंत जातो. ताट समोर आल्यावर वाफेने नऊ चष्म्यांवर धुकं चढतं आणि तेवढी दोन मिनिटं आमच्यात कुणी काही बोलत नाही. सर्कल कवळी काढून रुमालात ठेवतो. शेंगोळी हिरड्यांनीच खायची असतात, असं त्याचं मत आहे. डॉक्टर एकदा हुलग्यातल्या प्रथिनांवर बोलू लागले होते, त्यांना गप्प केलं.

पोस्टमास्तरांना शेंगोळी फार आवडायची. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढे सही नाही. मस्टरचं पान उलटलं, नवी वही लागली, तरी भाऊसाहेब दर आठवड्याला त्यांचं नाव लिहितातच, अनुक्रमांक नऊ. सर्कलने एकदा विचारलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "नाव कमी करायला आदेश लागतो. माझ्याकडे आदेश आलेला नाही." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं असतं: दीर्घ रजा.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी आम्ही जेवून थेट बँकेत जातो. पेन्शनराला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. हयातीचा दाखला. पूर्वी सही पुरायची, आता यंत्रावर अंगठा ठेवूनही होतं. गेल्या नोव्हेंबरात यंत्राने गुरुजींचा अंगठा नाकारला. इतकी वर्षं खडू धरून रेषाच गेल्या असाव्यात. काउंटरवरची मुलगी नातीच्या वयाची. ती म्हणाली, "आजोबा, पुन्हा प्रयत्न करा." गुरुजी म्हणाले, "सत्त्याहत्तर वर्षं तेच करतोय." डावा अंगठा झाला, तर्जनी झाली, हात धुऊन झाले, तरी यंत्र गुरुजींना हयात मानायला तयार होईना.

तेव्हा भाऊसाहेबांनी पिशवीतून मस्टर काढलं आणि काउंटरवर उघडून ठेवलं. "दर बुधवारची सही आहे. आज दीडचीही आहे. हे चालेल का?"

मुलीने पानं उलटली. 'दूरध्वनीद्वारे' जवळ थांबली, 'दीर्घ रजा' जवळ थांबली. मग म्हणाली, "काका, यावर कुणाचा शिक्का नाही." आणि गुरुजींना कागदी अर्ज दिला. सही करून काम झालं.

पण भाऊसाहेबांना ते लागलं. पुढच्या बुधवारी त्यांनी काकूंकडे शिक्का मागितला. काकूंकडे एकच आहे, बिलावर मारायचा. तेव्हापासून मस्टरच्या प्रत्येक पानाखाली जांभळ्या शाईत उमटलेलं असतं: 'पैसे मिळाले'.

येत्या बुधवारी शेंगोळी आहेत. यायचं असेल तर दीडच्या आत या, आणि येताना पेन आणा.